चहावरून घेतलेली म्हैस

काष्टीच्या बाजारात रंगनाथ म्हशीचे दात बघायचा नाही. तिच्याच दुधाचा चहा प्यायचा आणि सौदा ठरवायचा. त्या शनिवारी शमशेरभाईंनी आपल्या म्हशीची धार काढली, त्यांच्या बायकोनं, बानूनं, टेम्पोमागं स्टोव्ह पेटवून चहा केला. पहिल्याच घोटाला रंगनाथचा जीव सुखावला. म्हैस दावणीला आली.

मग घरी आठवडाभर चहा पिताना त्याचं तोंड वाकडं. "फसवलं त्या शमशेरनं! ती चव न्हाई."

छबूबाईनं नुसतं दूध चाखलं आणि नवऱ्यावर डोळे वटारले. "म्हशीला नावं ठेवू नगा. बाजारात चहा कुणी केल्ता?"

पुढच्या शनिवारी दुधाची किटली घेऊन छबूबाईच बानूच्या स्टोव्हपुढं बसली.

"भाभी, म्हैस दिलीत, पन हात तुमच्याकडंच ऱ्हायला की!"