चोराचे आभार

मालिका इंटरनेटवर फुकट वाटणारा हा इसम म्हणजे दिवसाढवळ्या दरोडेखोर, असं वाहिनीच्या वकीलबाई कोर्टात तावातावाने सांगत होत्या.

"मूळ भाग दाखवा," न्यायाधीश म्हणाले.

पण वाहिनीच्या दिवट्यांनी जुने भाग कधीच पुसून टाकले होते. म्हणून बाईंनी झक मारत ते चोराच्याच साइटवरून डाउनलोड केले होते. तेच त्यांनी मान ताठ ठेवून पुढे केले.

आरोपी नम्रपणे उठला. "साहेब, माझ्याकडे आभार लिहिल्याशिवाय डाउनलोड होत नाही. बाईंनी सवयीने खाली वकिलीच्या सनद क्रमांकासकट सही ठोकलीय. वाचू?"

"वाचा."

"'भाऊ, देव तुमचं भलं करो. शेवटचा भागही टाका ना, जीव टांगणीला लागलाय.'"