पोज्जोवेंतोची साखळी

आमच्या रोक्कासेर्नाच्या मोठ्या वेशीवर, कमानीला, एक साखळी टांगलेली आहे. मनगटाएवढ्या जाड कड्यांची. सहाशे वर्षांपूर्वी दरीतल्या गिरणीवरून समोरच्या डोंगरावरच्या पोज्जोवेंतो गावाशी लढाई झाली, तेव्हा आमच्या लोकांनी त्यांच्या वेशीची साखळी उपटली आणि खांद्यांवर घालून हा चढ चढून आणली. गावात कलता मनोरा आहे, चर्चमधलं निळ्या झग्यातल्या मारियामातेचं चित्र आहे, पण आमचं मूल बोलायला लागलं की पहिलं बोट दाखवतं ते साखळीकडे.

पोज्जोवेंतोची माणसं बाजाराला आली तरी तिच्याखालून जात नसत. काट्याकुट्यातून वळसा घालून खालच्या दिंडी दरवाजाने येत. आम्ही तटावर उभे राहून हसत असू.

माझा भाऊ ओरेस्ते याने नेमकी तिथलीच मुलगी पसंत केली. एर्सिल्या, पाथरवटाची लेक. आमच्या आईचं, दोमितिल्लाचं, माहेर वेशीला चिकटूनच. दर ईस्टरला साखळीला तेल द्यायचा मान त्यांच्या घराण्याचा. आईने महिनाभर भांडी आपटली.

"अख्ख्या दरीत तुला दुसरी कोणी दिसली नाही?"

"दिसल्या की. आवडली ही," ओरेस्ते म्हणाला.

लग्न त्यांच्या चर्चमध्ये लागलं आणि दुपारी वरात आमचा चढ चढून आली. वेशीत सगळं गाव लोटलं होतं, बँड वाजत होता. एर्सिल्या कमानीच्या अलीकडे थांबली. तिने वर पाहिलं.

"ओरेस्ते, मी इथून येणार नाही."

"अगं, सगळे बघतायत. डोळे मीट आणि चल."

"डोळे मिटून घरात शिरायला मी काय चोर आहे?"

बँड एकेक वाद्य करत थांबला. तुल्लिओ न्हाव्याला तर असलं काही हवंच असायचं. "काय वहिनी, मान दुखते का? आमच्याकडे वाकायची सवय होते हळूहळू."

"वाकायला मी तुमच्या खुर्चीत बसलेय का, तुल्लिओभाऊ?"

लोक हसले, पण या खेपेला तुल्लिओला. माझ्या भावाचा चेहरा पडला होता. तेवढ्यात आई गर्दीतून पुढे आली.

"काय झालं, मुली?"

"सासूबाई, माझे आजोबा गुडघे गेले तरी खालच्याच दरवाजाने आले. आज पांढरा झगा घातला म्हणून मी त्यांना खोटं पाडू?"

"आता तू आमची झालीस."

"झाले ना. पण कुठून आले ते विसरले नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर विसरला असता?"

मला वाटलं, आता आई हिला इथूनच माहेरी परत पाठवते. मग आईने आपला रेशमी घागरा एका मुठीत गोळा केला.

"नसते विसरले. चल. सांभाळून ये, खाली गाढवं बांधतात."

दोघी वळसा घालून निघाल्या. मागून मी, मग ओरेस्ते, मग बँड. खालच्या दिंडीत मोठा ढोल अडकला, तो आडवा करून ओढावा लागला. धुण्याच्या हौदावरून, पायऱ्या चढून आम्ही चौकात पोचलो, तर वेशीतलं सगळं गाव धापा टाकत चौकाकडे पळत येताना दिसलं. नवरीचं येणं चुकू नये म्हणून.

संध्याकाळी पंगतीत शेजारणीने डिवचलंच. "दोमितिल्ला, सुनेनं पहिल्याच दिवशी वाकवलं हो तुला."

आई भाजलेल्या डुकराचे काप करत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "ती निमूट साखळीखालून आली असती ना, तर मी म्हटलं असतं, पोरानं बिनकण्याची आणली."

एर्सिल्या पुढेही कधी मोठ्या वेशीतून गेली नाही. कोणी काही म्हणेनासं झालं.

बऱ्याच वर्षांनी नवे महापौर आले, तरुण, उत्साही. त्यांनी सभा भरवली. साखळी सन्मानाने परत करायची, दोन्ही गावांची मैत्री जाहीर करायची. पोज्जोवेंतोची वडीलधारी मंडळीही पाहुणी म्हणून मागच्या बाकांवर बसली होती. महापौर हसून एर्सिल्याकडे वळले. "सर्वांत जास्त आनंद आमच्या एर्सिल्याबाईंना होणार."

ती उठली. "साखळी राहू द्या."

मग ती महापौरांकडे वळली.

"या गावच्या लोकांनी ती रक्त सांडून आणली. आम्ही हरलो. हरलेली वस्तू दान म्हणून घ्यायला पोज्जोवेंतो अजून एवढं पडलेलं नाही. हवी असेल तेव्हा आमचे आम्ही येऊन नेऊ."

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. मग दुसऱ्याने. मग आमचीही माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. तुल्लिओ तर बाकावर चढला.

महापौर गोंधळले. "मग मैत्रीचं काय?"

"आहे की. माझी तीन पोरं कोणाची म्हणता?"

त्या दिवशी चौकातून घरी यायला आईने नेहमीच्या दुप्पट वेळ लावला. प्रत्येक दारापाशी थांबून विचारत होती, "ऐकलंत ना माझी सून काय म्हणाली?" ज्यांनी ऐकलं होतं त्यांनाही ती पुन्हा पहिल्यापासून सांगत होती, आणि एर्सिल्या मागून म्हणत होती, "सासूबाई, चला आता, चुलीवर मसूर ठेवलेत."