माझ्या अंगावर धाकटीचं नाव

मी बोलतेय ती टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणातून, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. मी औषधाच्या गोळ्यांची डबी. माझं झाकण आधी खाली दाबावं लागतं आणि मग फिरवावं लागतं. लहान मुलांच्या हाती गोळ्या लागू नयेत, म्हणून ही तजवीज. कारखान्यातून माझ्यासारख्या हजारो जणी अंगाला अंग लावून निघाल्या होत्या. तेवढी सोबत मला पुन्हा कधी मिळाली नाही.

औषधांच्या दुकानात माझ्यात पांढऱ्या, चपट्या गोळ्या भरल्या आणि अंगावर एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर या घरातल्या धाकटीचं नाव होतं. धाकटी म्हणजे चांगली कॉलेज संपवलेली मुलगी, पण लक्ष म्हणून थाऱ्यावर नाही. दूध गॅसवर ठेवायची आणि खिडकीतून मांजर बघत बसायची. सगळं लहानपण तिने 'धांदरट' ही हाक ऐकत काढलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं, "हा आळस नाही. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे."

ती चष्म्याच्या दुकानात काम शिकत होती. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. रोज सकाळी माझ्यातली गोळी घ्यायला लागली आणि एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "आई, मालकीणबाई आज जे काही बोलल्या ना, ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं!" एवढ्याशा गोष्टीचा केवढा आनंद! मलाही फार बरं वाटलं. आई मला रोज कानाशी धरून खुळखुळवायची. गोळ्या किती उरल्या, पोरीने मध्येच चुकवली तर नाही, हे तिला म्हणे आवाजावरून कळायचं.

घरात दादाही होता. हुशार, पहिल्या नंबराची सवय लागलेला. त्याच्या ऑफिसात बढतीची परीक्षा होती. जागा एकच आणि टपून बसलेले सगळे.

"एक गोळी दे ना गं," तो धाकटीला म्हणाला. "आमच्याकडे निम्मे लोक हेच घेऊन अभ्यासाला बसतात. काही होत नाही."

"पण दादा, हे तुझ्यासाठी नाहीये."

"अगं, एकच!"

तिने दिली. दादाने मागावं आणि तिने नाही म्हणावं, असं त्या घरात कधी झालंच नव्हतं.

पुढच्या वेळी त्याने विचारलं नाही. घरात कुणी नाही असं बघून माझं झाकण दाबलं, फिरवलं, मूठभर गोळ्या काढल्या. आईला आवाजातला फरक कळेल, म्हणून बाबांच्या व्हिटॅमिनच्या तेवढ्याच गोळ्या माझ्यात टाकल्या. त्याही पांढऱ्या, त्याही चपट्या. मग हे नेहमीचंच झालं. लहान मुलांसाठी एवढं झाकण दिलं मला, पण घोडे झालेल्या माणसांचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

दादाची भूक मेली, झोप उडाली. जेवायला बसला की नुसता पाय हलवायचा. छातीत धडधडायला लागलं की गप्प बसून राहायचा आणि आईने विचारलं तर तिच्यावरच खेकसायचा. तरी पठ्ठ्या पास झाला, पहिला आला. घरात त्याचं कोण कौतुक!

आणि धाकटी रोज सकाळी मोठ्या विश्वासाने व्हिटॅमिन गिळत होती. तिचं लक्ष पुन्हा उडालं. एका बाईंच्या चष्म्यात तिने उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली. त्या बाई जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मालकीणबाईंनी आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस, बाळ."

"डॉक्टरीणबाईंना जाऊन भेट तरी," आई म्हणाली.

"भेटून काय सांगू? औषध चांगलं आहे, पोरगीच कामातून गेलेली आहे, असं?"

दादा तिथेच बसला होता. त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. माझा जीव नुसता तुटत होता, पण डबीने सांगायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी धाकटी मला घेऊन त्याच्या खोलीत आली. "दादा, मला काही या लागू पडत नाहीत. उगाच वाया जातील. तू एवढा राबतोस, तूच घे."

त्याने मला हातात घेतलं. आत काय आहे, ते त्या घरात त्याला आणि मलाच ठाऊक होतं. आता बोलेल, मग बोलेल, असं मला वाटत राहिलं. धाकटी दारात उभी होती.

"थँक्स," तो म्हणाला.

तेव्हापासून मी या खणात आहे. तो मला उघडत नाही आणि फेकूनही देत नाही. धाकटी पलीकडच्या खोलीत दिवसभर पडून असते. भिंतीतून तिचं कूस बदलणं ऐकू येतं. आई हल्ली तिला हाकाही मारत नाही.

मला कुणी उघडलं नाही तरी चालेल. कचऱ्यात गेले तरी चालेल. तुम्ही तेवढं पलीकडच्या खोलीत जा आणि तिला सांगा, गोळ्या बदलल्या होत्या गं. तुझं काही चुकलं नव्हतं.