दारातली दुसरी खुर्ची

नदीकाठच्या आमच्या मोम्पोस गावात ऊन कललं की घराघरापुढे झुलत्या खुर्च्या येतात. माझ्या दारात दोन असतात. एक माझी, दुसरी आईची. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण खुर्चीच्या वेताला वारा लागायला हवा, नाहीतर तो खराब होतो. कारण एवढंच.

निकानोरचं एवढ्यावर भागतंय थोडंच. अकरा वर्षं तो पाहुण्यांना गाव फिरवून दाखवतोय. नदीचा घाट, चर्च, चांदीच्या तारेचं काम करणारे सोनार आणि शेवटी माझं दार. शेवटच्या आगबोटीचा सुकाणूवाला या बेतसाबेबाईंचा प्रियकर होता, तो येईल म्हणून ही खुर्ची, हिच्यावर कुणी बसत नाही, असं तो बेधडक सांगतो. पाहुणे हळहळतात, फोटो काढतात.

धादांत खोटं. शेवटची आगबोट गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, घाटावर आंबा चोखत बसले होते. सुकाणूवाल्याला सात पोरं होती. नदी गाळाने उथळ झाली होती, त्या दिवसापासून बोटीचा भोंगा कायमचा बंद झाला. त्या भोंग्यासाठी मात्र आजही जीव तुटतो. निकानोरच्या गोष्टीत ती बोट अजून यायची असते, म्हणूनच त्याला मी कधी खोटं पाडलं नाही.

फेरी संपली की तो चीज घेऊन माफी मागायला यायचा आणि पायरीवर बसायचा. खुर्चीवर बस म्हटलं तर म्हणायचा, एखाद्या पाहुण्याने पाहिलं तर गोष्ट मोडेल. मग दिवेलागणीपर्यंत आम्ही जुन्या बोटींची नावं आठवायचो.

काल पायरीवरून उठताना त्याने माझा हात धरला. गुडघे संपले, उद्याची फेरी शेवटची, म्हणाला. त्याचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. फेरी नसली तर हा माझ्या दारात कशाला येईल? मला जेवण गेलं नाही.

आज पाच वाजता घोळका आला. तीच गोष्ट सुरू झाली, पण आवाज पडलेला. कुणी बसत नाही, इथपर्यंत तो आला आणि मी म्हणाले, "निकानोर, बस."

"बेतसाबेबाई, लोक बघतायत."

"बघू देत. उद्यापासून गोष्ट सांगू नकोस, पण येत जा. बस आता."

तो जपून टेकला. वेत कुरकुरला. एका पाहुणीने बिचकत विचारलं, मग तो बोटीवाला?

"हाच की," मी म्हणाले. "जरा उशीर केला त्याने."