दोऱ्याने बांधलेलं पेट्रोल

चोपन्न साली चिंचवडात कुणी सायकल घेतली तरी पेढे वाटत, तेव्हा आमच्या ह्यांनी विमान घेतलं. लढाईत वापरून टाकलेलं, दोन माणसांचं. कारखाना नटबोल्टचा, पण ऐट लाटसाहेबाची. थेरगावच्या माळावर पत्र्याची शेड घालून त्यात ते धूड ठेवलं.

त्याला पेट्रोलचा काटा नव्हता. टाकीत बुचाचा तुकडा तरंगायचा, त्याला जोडलेली तार झाकणातून काचेपुढे वर आलेली. टाकी भरलेली तर तार उंच, पेट्रोल संपत आलं की खाली. विमानाच्या क्लबात शिकवणाऱ्याने बजावलं होतं, की नुसत्या तारेवर विसंबू नका, किती वेळ उडालात ते घड्याळात बघा, निघताना टाकीत काठी बुडवून बघा. ह्यांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांबरोबर विमानाचीही पूजा झाली. रिकाम्या टाकीची पूजा नको म्हणून ती काठोकाठ भरली. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि पूजेचा दोरा बांधायला त्यांना नेमकी ती तारच सापडली. झाकणाशी वेढे घालून अशी आवळली, की तिची काय बिशाद हलायची! पूजेचा दोरा आमच्यात कुणी सोडत नाही, आपोआप गळून पडेपर्यंत ठेवतात.

मग दिवसभर हे एकेका पाहुण्याला आभाळ दाखवून आणत होते. तार आपली उंचच. रात्री जेवताना स्वारी खुशीत. म्हणाले, आईचा हातगुण बघा, विमान पेट्रोल पितच नाही. घ्या! गोऱ्यांच्या विमानाने आमच्याकडे येऊन नवरात्राचा उपास धरला. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

दसऱ्याला शकूला नेणार होते. आमची एकुलती एक, सहा वर्षांची. नवा फ्रॉक घालून सकाळपासून दारात उभी. मी आडवी आले. म्हटलं, आधी मी बसते, मग तिला न्या. शकूने भोकाड पसरलं, सासूबाईंनी नाक मुरडलं, ह्यांनी मला भित्री ठरवलं. मी जाऊन पुढच्या खुर्चीत बसले. चालवणारा मागे बसतो. लग्न झाल्यापासून ह्यांच्या पुढे बसायचा मान मला तेवढाच मिळाला.

ताथवडे गेलं, पुनावळे आलं. तार माझ्या नाकासमोर. विमान वर गेलं, कलंडलं, गचके बसले, पण ती ढिम्म. मी ओरडून सांगितलं, की अहो, ही हलत नाही. मागून उत्तर आलं, की टाकी भरलेली आहे, तू शेतं बघ.

शेतं बघायची वेळ लगेच आली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. मागे देवीचा धावा सुरू झाला. मी म्हटलं, "स्तोत्र राहू द्या मेलं, उतरायला जागा बघा."

बाजरी काढलेल्या एका रानात ह्यांनी विमान घातलं. बांधाला अडून चाक मोडलं, त्याची दांडी विमानाच्या बाजूला मढवलेलं कापड फाडून आत घुसली आणि माझ्या दंडाला चाटून गेली. तार दोऱ्यासकट अजून उंचच होती. रानाचे मालक भिमाजी धावत आले, आम्हाला बाहेर काढलं. पेट्रोल संपलंय म्हटल्यावर भला माणूस विचारतो, "राकेल चालंल का? घरात हाय बाटलीभर."

तोवर गाव गोळा झालं. विमान खाली जाताना पाहून मोटारीतून सासूबाई आणि शकूही आल्या. ह्यांच्या जिवात जीव आला आणि लगेच व्याख्यान सुरू झालं, की देवीनेच राखलं, पूजा फळाला आली. शकू मात्र थेट विमानाशी गेली आणि पुढच्या खुर्चीत चढून बसली. माझ्या दंडाला लागलेली ती दांडी तिच्या गळ्याशी आली. दांडी हाताने बाजूला ढकलत तिने बापाला विचारलं,

"दादा, आता मला नेणार ना?"

ह्यांनी दांडीकडे पाहिलं, तिच्या गळ्याकडे पाहिलं. व्याख्यान तिथेच तुटलं. एवढा मोठा कारखानदार, सगळ्या गावासमोर ढेकळांत बसून ढसाढसा रडला. मी रडू दिलं.