चार दिवसांचं शिंपणं

धर्माजींनी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या मोज्यात खुपसल्या, वर पुस्तकं रचली आणि बॅगेची चेन ओढली. ती अर्ध्यावर अडली.

“बाबा, दोनच दिवस चाललोय आपण.” सुजितनं बॅग उचलून पाहिली. “दगड भरलेत का?”

“पुस्तकं आहेत,” धर्माजी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

एकतिसाव्या मजल्यावरच्या सुजितच्या घरात खिडक्या वीतभरच सरकत. वर वारा फार, असं सुनेनं, प्रणालीनं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खाली उतरायला लिफ्टला कार्ड लागे. धर्माजींनी ते दोनदा हरवलं, तेव्हापासून ते तिच्याच पर्समध्ये असे. तिनं काळजीपोटीच केलं होतं. त्यामुळे तक्रारही करता येत नव्हती.

श्रीवर्धनच्या वाटेवर ते एकच वाक्य मनात घोळवत राहिले. ‘मी आता गावीच राहतो.’ न्हावा शेव्याहून येणाऱ्या कंटेनरांच्या रांगेत गाडी अडकली, तेव्हा त्यांनी त्यात ‘तुमची हरकत नसेल तर’ घातलं. माणगावला काढलं. घाट उतरताना पुन्हा घातलं.

मनुबाई, त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको, पोफळीच्या वाडीत पाटाच्या पाण्यात उभ्या होत्या. खोऱ्यानं माती ओढून पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवत होत्या.

“या भावोजी. लाईट जायच्या आत एवढा कोपरा उरकते.”

पावसाळा सरला की पुढच्या पावसापर्यंत हे शिंपणं रोजचं. भाऊ गेल्यापासून नऊ वर्षं त्या एकट्याच करत होत्या. धर्माजींनी चपला काढून पाटात पाय सोडले. गार पाणी घोट्याला लागलं आणि त्यांना वाटलं, आत्ताच बोलून टाकावं. पण सुजित फोनवर होता आणि प्रणाली गाडीतून सामान काढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पूजेला बसल्या. पन्नास वर्षांपूर्वी लग्नात माहेराहून आणलेली अंगठ्याएवढी पितळी अन्नपूर्णा पुसून तांदळाच्या वाटीत बसवल्याशिवाय त्या चहा घेत नसत. धर्माजी चहासाठी थांबले. वाक्यही थांबलं.

जेवणं झाली, निघायची वेळ आली. त्यांनी ओटीवर बसून घसा खाकरला.

“सुजित, गाडीत एक जागा हाय ना रे?” वहिनींनीच विचारलं.

“आहे की. का, काकू?”

“चार दिवस येते म्हणते. नऊ वर्षांत एक रात्र कुठं गेले न्हाय. भाचीचं लग्न फोनवर बघितलं.”

“आणि शिंपणं?”

“भावोजी हायेत की. पुस्तक वाचता वाचताबी होतंय.” त्या धर्माजींकडे वळल्या. “फक्त धड्यात रमून वाडीचं तळं करू नका.”

सगळे हसले.

“राहतो मी,” धर्माजी म्हणाले. इतकं सोपं निघालं ते.

“बाबा, तुमच्या गोळ्या?” प्रणालीनं विचारलं.

“आहेत.”

“चार दिवसांच्या?”

“पुरतील.”

वहिनींनी त्यांना मोटारीचं बटण दाखवलं, कुठलं आळं आधी, कुठलं नंतर, ते दाखवलं. मग हळूच विचारलं,

“तुमच्या घरातून समुद्र दिसतो म्हणं?”

“दिसतो.” खिडक्यांचं सांगावं, असं त्यांना वाटलं. कार्डाचंही. पण ते सांगितलं आणि त्या इथेच राहिल्या तर? “चांगला दिसतो,” ते म्हणाले.

वहिनी देवघरात गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा छातीशी कापडी पिशवी होती. सुजित ती डिकीत ठेवू म्हणाला, तर त्यांनी दिली नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या मागे वळून वाडीकडे बघत होत्या.

संध्याकाळी धर्माजींनी मोटार लावली, पहिल्या आळ्याकडे पाणी सोडलं आणि दिवा लावायला आत आले. समई पेटली. देव जागेवर होते. तांदळाच्या वाटीत मात्र मधोमध एक खळगा होता, अंगठ्याएवढा. अन्नपूर्णा नव्हती.

चार दिवसांच्या मुक्कामाला कुणी देव नेत नाही; गोळ्यांच्या चार पट्ट्याही नेत नाही. मग तांदूळ सपाट करावेत म्हणून त्यांनी बोट पुढे नेलं.

बाहेर पहिलं आळं भरून पाणी वाटेवर आलं होतं. त्यांनी बोट मागे घेतलं आणि खोरं शोधायला गेले.