आठ जागा, सहा नावं

नवरात्र चार दिवसांवर आलं होतं. सकवारबाई खिडकीपाशी शिलाई मशीनवर गणवेशाचा पट्टा शिवत बसली होती. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या त्या गल्लीतली निम्मी मुलं तिने शिवलेले गणवेश घालून शाळेत जात.

"अम्मा, आपली राजा-राणीची जोडी शाळेत नेऊ?" दिव्यश्रीने दारातूनच विचारलं. ती पीयूच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती. शाळा आणि पीयू कॉलेज एकाच आवारात होतं आणि ग्रंथालयही एकच होतं. त्या ग्रंथालयात दर सणाला काहीतरी वाचन असे. संक्रांतीला तीळगूळ वाटून मुलं थंडीच्या गोष्टी वाचत, उगादीला पंचांगाबरोबर आपापल्या आवडीचं पान वाचत. दसऱ्याला तिथे पायऱ्या मांडून बाहुल्यांची आरास होई. ज्याने त्याने घरची एक बाहुली आणायची, तिची हकीकत लिहायची आणि पालकांसमोर वाचायची.

"ने की," सकवारबाई म्हणाली. "पण स्वल्प जपून. विजयादशमीला लागणार आहे ती."

दिव्यश्रीने मान डोलावली. "सरी."

ती जोडी लाल लाकडाची होती, वीतभर उंच. लग्न ठरलं की आईने मुलीला द्यायची, असा रिवाज होता. विजयादशमीला ती दिव्यश्रीला मिळणार होती, कारण त्या दिवशी तिचा साखरपुडा होता. नवरा घरचाच होता. मोहनकुमार, सकवारबाईचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे दिव्यश्रीचा मामा. जानेवारीत तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती आणि परीक्षा झाल्यावर लग्न.

गल्लीत कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. शहाजीराजांच्या काळी बेंगळुरूत आलेली ही घरं. मुलखापासून दूर पडली तेव्हा सोयरीक कुठे शोधायची, म्हणून आपल्यातच करू लागली, आणि आजूबाजूच्यांची चाल उचलून भाचीवर मामाचा पहिला हक्क मानू लागली. हुंडा नाही, परक्या सासूची भीती नाही, पोरगी डोळ्यांसमोर. मोहनकुमार तर सोन्यासारखा माणूस. महादेवपुऱ्यात एका कंपनीत नोकरी करायचा आणि दर रविवारी धाकट्या काव्याच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या घेऊन यायचा. काव्या बारा वर्षांची, जन्मापासून बहिरी.

"काय गं, आता मामा म्हणशील की अहो?" शेजारच्या बायका दिव्यश्रीला चिडवत. ती हसायची नाही, रुसायचीही नाही. आई-वडिलांनी विचारलं तेव्हा ती फक्त "चालेल" म्हणाली होती, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं भागलं होतं.

सकवारबाईचं स्वतःचं लग्नही तसंच झालेलं, आणि तिच्या आईचंही तिच्या मामाशीच. अठराव्या वर्षी तिला विठोजीला दिली, तिच्या आईच्या पाठच्या भावाला. विठोजीही तिला कधी वाकडा शब्द बोलला नाही. तरी त्या घरात एक गोष्ट होती जी कुणी बोलत नसे. पहिली मुलगी अकरा दिवस जगली. दिव्यश्रीनंतरचा मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला. नवस झाले, दृष्ट काढून झाली, घराण्याला एका बाईचा शाप आहे असं एका जाणत्याने सांगितलं, त्याची शांतही झाली. मग विषय संपला.

तिच्या हाताला मात्र तो संपलेला ठाऊक नव्हता. मोजपट्टी घेऊन ती पोरांची मापं घ्यायची आणि मनात दोन मापं आणखी निघायची. चौदा वर्षांच्या पोराची छाती तीस. एकोणीसच्या मुलीला गणवेश लागत नाही, तिच्यासाठी चुडीदार. गेल्या जूनमध्ये कापड बेतताना तिच्या ध्यानात आलं की तिने तीसच्या मापाचा एक शर्ट जास्तीचा कापला आहे. ज्याने माप दिलं असा कुणी मुलगा वहीत नव्हता. तिने तो शर्ट शिवला, इस्त्री केला आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिला. कुणाला दाखवला नाही.

*

वाचनाच्या दिवशी ती काव्याला घेऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवलेली, मधोमध पांढऱ्या कापडाच्या सात पायऱ्या आणि त्यांवर बाहुल्या. हरभऱ्याच्या उसळीचा आणि जुन्या कागदाचा वास मिसळला होता. एका भिंतीवर मुलांनी काढलेली घराण्याची झाडं लावली होती. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. ग्रंथपाल सुप्रीता मॅडम पूर्वी जीवशास्त्र शिकवत, ही कल्पना त्यांचीच.

आधी मुकुल नावाच्या मुलाने वाचलं. त्याची बाहुली म्हणजे पणजोबांनी आणलेला मातीचा पोलीस होता. पणजोबा नाटक कंपनीबरोबर पळून गेले आणि सहा महिन्यांनी दाढी वाढवून परत आले, तेव्हा पणजीने त्यांना भिकारी समजून भात वाढला. सगळे हसले. हसत असलेल्या आईचं तोंड बघून काव्याही हसली.

मग दिव्यश्री उभी राहिली. हातात जोडी होती.

"ही माझ्या पणजीची," ती वाचू लागली. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. "लग्नात आई मुलीला देते, म्हणून अशा जोड्या गावोगाव जातात. माझ्या मैत्रिणीची जोडी मंगळूरहून आली. आमची जोडी आमच्या गल्लीतल्या दोन घरांबाहेर कधी गेली नाही. या घरातून त्या घरात, त्या घरातून या घरात."

तिने भिंतीवरच्या झाडाकडे बोट केलं.

"पणजोबा-पणजींच्या ओळीत आठ जागा असतात. माझ्या झाडात सहाच नावं भरली. आणि त्या सहांतले दोघे खालच्या ओळीत आधीच आहेत, माझे आजोबा-आजी म्हणून. बाकीच्यांचं झाड वर जाताना फाकतं, माझं निमुळतं होतं. माझी आज्जी माझी आत्याही आहे."

मुलं हसली. तीही थोडी हसली. मग तिने कागद उलटला.

"मॅडमनी सांगितलं, झाडात सगळे लिहायचे. गेलेलेसुद्धा. म्हणून मी आज्जीला विचारलं. तिने एका दमात सांगितलं. नंदकिशोर, दीड वर्षाचा होऊन गेला. सुनीलकुमार, तीन महिने. दोन मुली, नावं ठेवायच्या आधीच. ही चौघं माझी आई आणि माझा मामा यांच्या मधली."

सकवारबाईचे हात मांडीवर होते, तिथेच राहिले. तिच्यात आणि मोहनकुमारात दहा वर्षांचं अंतर. ती दहा वर्षं तिने कधी मोजून पाहिली नव्हती. आईचं पोट दिसायचं आणि मग दिसायचं नाही, एवढं अंधुक आठवत होतं.

"मग माझ्या आईची मुलं," दिव्यश्री वाचत होती. "माझ्यानंतरचा अर्णव, आठ महिने. मी. काव्या, तिला ऐकू येत नाही. आणि सगळ्यांत आधी एक मुलगी, अकरा दिवसांची. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. तिला नाव नाही, म्हणून मी वर्तुळात अक्का लिहिलं आहे. ती माझी अक्का."

पंखा फिरत होता आणि झाडांचे कागद भिंतीवर फडफडत होते. एकोणीस वर्षांत त्या पोरीला कुणी काही म्हणून हाक मारल्याचं सकवारबाईने पहिल्यांदा ऐकलं. तिला एकदम वाटलं की मागच्या रांगेत कुणीतरी हाकेसरशी उठून उभं राहिलं आहे. तिने मान वळवून पाहिलं. मागच्या रांगेत एक रिकामी खुर्ची होती.

काव्याने आईचा चेहरा पाहिला आणि तिचा हात धरला.

*

पालक उसळीच्या द्रोणांभोवती जमले तेव्हा सुप्रीता मॅडम तिच्याजवळ आल्या. त्या कन्नड बोलत. सकवारबाईला दोन्ही भाषा सारख्याच.

"तुम्हाला राग आला असेल," त्या म्हणाल्या. "मी सगळ्याच मुलांना झाड काढायला सांगितलं होतं. हिचं बघितल्यावर मी म्हटलं, वाचायचं नसेल तर नको वाचूस. ती म्हणाली, घरी हे कुणी ऐकणार नाही, इथे अम्मा खुर्चीवर बसलेली असेल."

सकवारबाईने विचारलं, "शाप नाही तो?"

"नाही. प्रत्येकाच्या अंगात एखाददुसरा दोष दडलेला असतो. माझ्याही. एकाच पालकाकडून आला तर बहुतेक वेळा तो झोपूनच राहतो. आई आणि बाप दोघांकडून तोच आला तर बाळाला भोवतो. परक्या घरच्या माणसात नेमका तोच दोष असणं अवघड. एकाच घरातल्या दोघांत तो असणं सोपं."

"मग हिला माझ्या भावाला दिली तर?"

"होईलच असं मी म्हणणार नाही. खोटं सांगितल्यासारखं होईल. काही घरांत अशी लग्नं होऊनही मुलं धडधाकट असतात. पण तुमच्या घरात तो दोष आहे, हे तुमच्या झाडावर लिहिलेलं आहे. आणि धोका पत्करणार मोठी माणसं, भोगणार बाळ. डॉक्टरांना भेटा, मी पत्ता देते."

"कायद्यात चालतं म्हणतात."

"चालतं. रूढी असेल तर कायदा अडवत नाही. अडवायचं ते घरच्यांनीच."

*

त्याच संध्याकाळी साखरपुड्याची ताटं ठरवायला सगळे जमले. सकवारबाईची आई पद्मावती, मोहनकुमार, विठोजी. समाजाच्या सभागृहातली वेळ गुंडूराव अण्णांनी काढून दिली होती. गल्लीतली निम्मी लग्नं त्यांच्याच मध्यस्थीने झालेली.

"साड्या पाच की सात?" पद्मावतीने विचारलं.

"एकही नको, अम्मा," सकवारबाई म्हणाली. "साखरपुडा होणार नाही."

पद्मावतीला वाटलं, मुहूर्ताचं काही अडलं. मग लेकीचं तोंड बघून तिला कळलं. "भाऊ नकोसा झाला होय तुला?"

"भाऊ हवा आहे. जावई नको." मग तिने मॅडमचं बोलणं सांगितलं आणि दिव्यश्रीने झाडातली नावं.

"आणि पोरीला काय बाहेर देणार? बाहेरचे विचारतील, धाकटी अशी का? कोण करील मग हिला? आणि आपण गेल्यावर काव्याला कोण बघेल? मोहन बघतो तसं परका बघेल?"

हा प्रश्न खोटा नव्हता. सकवारबाईने वर्षानुवर्षं तोच स्वतःला विचारला होता.

"काव्याला मामा बघेल," मोहनकुमार हळूच म्हणाला. "त्याला लग्न कशाला करायला हवं?"

"तू गप. तू कधी नको म्हणालास?"

"मला कुणी विचारलं कुठे, अम्मा? हिला मी कडेवर घेऊन बालवाडीत पोचवत होतो. सगळे म्हणाले ठरलं. मी म्हटलं, ठरलं."

दिव्यश्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मलाही नको, आज्जी," ती म्हणाली. "चालेल म्हणजे नको होतं ते."

पद्मावती लेकीकडे वळली. "आज तुमच्या शाळेने शिकवलं ते समजलं मला," ती म्हणाली. "म्हणजे माझी चार पोरं मी मारली."

"तुला कुठे ठाऊक होतं, अम्मा? तुला कुणी सांगितलंच नाही. मला आज सांगितलं. आता ठाऊक असून मी हिला दिली, तर जे होईल ते माझ्या हातून."

पद्मावतीने पदर तोंडाला लावला. मोहनकुमार तिच्याजवळ जाऊन बसला.

आता विठोजीचं उत्तर बाकी होतं. लग्न झाल्यापासून सकवारबाईने त्याला कुठलीही हाक मारली नव्हती. अठरा वर्षं ज्या नावाने हाक मारली ते लग्नाच्या दिवशी बंद झालं आणि नवं जिभेवर कधी बसलं नाही. काम असलं की ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. आज ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मामा, तुम्ही बोला."

विठोजी दचकला. त्याने तिच्याकडे बघितलं आणि मग खाली, स्वतःच्या तळहातांकडे. त्याने दिव्यश्रीला विचारलं, "त्या पहिलीच्या जागी काय लिहिलंस म्हणालीस?"

"अक्का."

त्याने मान हलवली. मग खिशातून फोन काढला, गुंडूरावांचा नंबर लावला आणि नेहमीच्या सवयीने स्पीकरवर टाकला.

"अण्णा, विठोजी बोलतो. विजयादशमीचं सभागृह नको. सोयरीक मोडली."

"मोडली? घरातल्या घरात कसली मोडते? भांडण झालं काय?"

"नाही."

"मग लोकांना कारण काय सांगू? मला चार लोक विचारतील."

विठोजीने बायकोकडे पाहिलं.

"सांगा," तो म्हणाला. "सांगा की आमची दोन मुलं गेली. एकाच घरात लग्न केलं म्हणून गेली. म्हणून तिसऱ्या पिढीला नको."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिटी झाली. कुणीतरी गुंडूरावांना जेवायला बोलावलं. फोन कापला गेला की काय म्हणून विठोजीने पडद्यावर बघितलं. सेकंद पुढे सरकत होते.

"विठोजी," शेवटी पलीकडून आवाज आला, अगदी हळू, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये असा. "आमच्याकडे तीन."